नाव परके, की आपली समजूत?

काही दिवसांपूर्वी स्नानसंस्काराची नोंद करण्यासाठी एक तरुण दांपत्य आमच्याकडे आले. मुलीचे नाव ‘कृपा’ ठेवण्याचा त्यांचा मानस होता. सोबत आलेल्या आजोबांनी मात्र हरकत घेतली. “फादर, घरात काय हवे ते म्हणोत; वहीत बायबलातले नाव घाला. ‘ॲना’ लिहा.” आता ‘ॲना’ म्हणजे मूळ हिब्रू ‘हन्ना’, आणि हन्ना या नावाचा अर्थच कृपा! तेच नाव मातृभाषेत आले तेव्हा ते परके ठरले. ग्रीक-लॅटिनची वळणे घेऊन आलेले रूप तेवढे आपले ठरले.

हा हट्ट एकट्या आजोबांचा नव्हे. बायबलातील नावे जणू आकाशातून सोवळ्यात उतरली, अशी समजूत आपल्या समाजात खोल रुजली आहे. ती आम्हांस मान्य नाही. कारण खुद्द पवित्र शास्त्रच तिला आधार देत नाही.

मोशेचेच नाव घ्या. निर्गमाचा ग्रंथ (२:१०) ते ‘बाहेर काढणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूशी जोडतो. परंतु नाव ठेवणारी होती फारोची कन्या! थुतमोस, रामसेस या राजनामांत आढळणारा, ‘जन्मलेला’ या अर्थाचा मिसरी शब्दच या नावामागे असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मर्दखयाच्या नावात बाबेलच्या मर्दूक देवाचा अंश आहे. जरुब्बाबेल म्हणजे ‘बाबेलचे बीज’. आणि हे बाबेली नाव मत्तयाने प्रभू येशूच्या वंशावळीत (१:१२) निःसंकोच नोंदवले.

यावर कोणी म्हणेल, बालाच्या नावांचे काय? ती तर बदलण्यात आली! खरे आहे. शौलाचा पुत्र एश्बाल आणि योनाथानाचा पुत्र मरीब्बाल. ‘बाल’ म्हणजे धनी, स्वामी. पुढे मूर्तिपूजेच्या तिटकाऱ्यामुळे शमुवेलाच्या ग्रंथात ‘बाल’च्या जागी ‘बोशेथ’, म्हणजे लज्जा, हा शब्द आला. ईश्बोशेथ, मफीबोशेथ ही रूपे त्यातूनच आली. पण इतिहासाच्या पहिल्या ग्रंथाने (८:३३-३४) जुनी नावे तशीच राखली, आणि ख्रिस्तसभेने दोन्ही ग्रंथ पवित्र मानले. दानिएलावर तर बाबेली नाव लादण्यात आले. त्याने राजाचे अन्न नाकारले. नावासाठी तंटा केल्याची नोंद नाही. श्रद्धा कोठे पणास लागते, हे त्याला नेमके कळत होते.

नव्या करारात याहून वेगळे चित्र नाही. प्रेषितांपैकी अंद्रिया आणि फिलिप्प ही नावे ग्रीक. फिलिप्प म्हणजे तर ‘घोड्यांचा शौकीन’. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात संत पौल फिबीची शिफारस करतो, हर्मेसला सलाम सांगतो. फिबी हे अर्तमी देवीचे उपनाम, हर्मेस हा ग्रीकांचा देव. या दोघांनी ख्रिस्त स्वीकारला, नावे मात्र तीच राहिली.

१९१७ च्या नियमसंहितेत, पालकांनी ख्रिस्ती नाव न दिल्यास धर्मगुरूने संताचे नाव जोडावे, असा दंडक होता. १९८३ ची संहिता (नियम ८५५) एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव देऊ नये. आता ‘कृपा’, ‘आनंद’, ‘शांती’ ही नावे ख्रिस्ती भावनेला परकी कशी, हे आक्षेपकांनीच आम्हांस समजावून द्यावे.

हन्ना, योहान, मरिया ही नावे टाकावीत, असे आमचे म्हणणे नाही. ती आपल्याला प्राणप्रिय आहेत. मात्र इस्राएलच्या आईबापांनी लेकरांना आपल्या बोलीत, अर्थ उमगेल अशी नावे दिली, हे आपण विसरलो आहोत. त्यांचा ध्वनी तेवढा जपायचा आणि अर्थाला दारातून परत पाठवायचे, याला आम्ही भक्ती म्हणत नाही.

त्या दिवशी आम्ही नोंदवहीत ‘कृपा’ असेच लिहिले. आजोबा अजून रुसलेले आहेत. हन्नाचा अर्थ त्यांना सांगितला आहे. नातीला हाक मारताना तो केव्हातरी आठवेल, अशी आशा आहे.