खिशातली कचेरी

‘सारी कचेरी आता तुमच्या खिशात!’ हे वाक्य गेली दहा-पंधरा वर्षे आपण निरनिराळ्या तोंडांनी ऐकत आलो आहोत. व्यापारी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांचे विक्रेते ते म्हणतात, त्यांच्या परिषदांतले वक्ते ते म्हणतात, आणि पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून या उद्योगात नोकरीस असलेली आपली मुलेही ते मोठ्या अभिमानाने म्हणतात. वाक्य ऐकावयास गोड आहे. परंतु कचेरी खिशात आली म्हणजे नेमके काय आले, ती कोणाच्या खिशात आली, आणि त्या खिशाच्या धन्याला कोणी विचारले होते काय, हे प्रश्न विचारताच या गोडव्यात मिठाचा खडा पडतो. तो टाकण्यासाठीच हा लेख आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. या कंपन्यांनी मोबाइलशी जुळवून घेतले असे जे सांगण्यात येते, ते बव्हंशी खरे नाही. त्यांनी पडदा लहान केला. जुळवून घेण्याचे काम त्यांनी त्या पडद्याशी झटापट करणाऱ्या माणसावर ढकलले, आणि या ढकलण्यालाच प्रगती असे नाव दिले.

व्यापारी सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे; कारण ज्याच्यावर एवढा व्यवहार चालतो त्याचे नाव सामान्य वाचकाच्या कानी सहसा पडत नाही. कारखान्याची खरेदी, कोठारातला माल, गिऱ्हाइकाची मागणी, कामगाराचा पगार, सरकारचा कर या साऱ्यांची नोंद एका जागी ठेवणारी ही यंत्रणा. या क्षेत्रातली एक बलाढ्य कंपनी म्हणजे जर्मनीतली सॅप. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच इंजिनियरांनी ती १९७२ साली काढली. १९९२ साली तिची ‘आर-थ्री’ ही प्रणाली बाजारात आली आणि जगातल्या मोठमोठ्या उद्योगांनी ती घेतली.

या प्रणालीपुढे बसणारा माणूस कसा असेल, याचे चित्र तिच्या कर्त्यांच्या मनात स्वच्छ होते. तो खुर्चीवर बसलेला आहे. त्याच्यापुढे मोठा पडदा आणि पुरा कळफलक आहे. त्याला काही दिवसांचे शिक्षण मिळालेले आहे, आणि गिऱ्हाइकाची मागणी नोंदवावयाची तर ‘व्हीए०१’ ही अक्षरे टंकावी लागतात हे त्याने पाठ केले आहे. पुढे चौकटींचे जे जंगल उघडते, त्यातली प्रत्येक चौकट हिशेबनिसाला, कोठारवाल्याला किंवा करसल्लागाराला केव्हातरी हवी असते, म्हणूनच ती तेथे आहे. बसलेल्या माणसासाठी हे सारे ठीक होते. त्या काळच्या कर्त्यांना मी त्याबद्दल दोष देत नाही.

२००७ साली आयफोन आला, २००८ साली त्याची अ‍ॅपची पेठ उघडली, आणि एक विपरीत गोष्ट घडली. नोकराच्या खिशातले यंत्र मालकाच्या टेबलावरच्या यंत्राहून वापरण्यास सोपे झाले! आजवर चांगले हत्यार मालकाचे असे आणि नोकर ते उसने वापरी. आता नोकर घरचे हत्यार घेऊन कचेरीत शिरला आणि विचारू लागला, की पैसे पाठवणे, तिकीट काढणे, वाट शोधणे ही कामे जर अंगठ्याने होतात, तर कोठारातल्या दहा पोत्यांची नोंद करण्यास मला टेबलाकडे का पळावे लागते?

प्रश्न रास्त होता. त्याला उत्तर काय मिळाले ते पाहा. सॅपने २०१० साली सायबेस ही कंपनी सुमारे ५८० कोटी डॉलरला विकत घेतली. मोबाइलवर हातपाय पसरणे हा त्यामागचा एक उघड हेतू होता. मायक्रोसॉफ्टची तऱ्हा निराळी. आयपॅड २०१० साली विक्रीस आला. त्यावर वर्ड आणि एक्सेल उतरण्यास २०१४ चा मार्च महिना उजाडला. एवढ्या बलाढ्य कंपनीला चार वर्षे पुरावीत इतके हे तंत्र अवघड होते असे मला वाटत नाही. तिला आपले विंडोज आणि त्यावर चालणारी यंत्रे खपवावयाची होती. त्याच हट्टापायी तिने २०१४ साली नोकियाचा फोनचा धंदा पदरात घेतला, आणि पुढच्याच वर्षी त्यापोटी सुमारे ७६० कोटी डॉलर बुडीत खाती टाकले. गिऱ्हाइकाच्या हातात काय आहे हे न पाहता आपल्या गढीची तटबंदी राखीत बसले, की असेच होते.

पण खरी गंमत सॅपच्या ‘फिओरी’ची आहे. जुन्या जंगलातून वाट काढणारे, मोबाइलवरही नीट दिसणारे असे २५ लहान अ‍ॅपचे संच कंपनीने २०१३ साली बाजारात आणले आणि त्यांची किंमत वेगळी मागितली. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाने प्रणालीचा परवाना घेतला, देखभालीचे पैसे वर्षानुवर्षे भरले, त्यानेच आता ती धड दिसावी म्हणून पुन्हा थैली सोडावी! घर विकल्यावर खिडक्यांचे दाम निराळे मागणारा बिल्डर आपल्या ओळखीचा आहे. हा त्याचा जर्मन भाऊ. गिऱ्हाइकांच्या संघटनांनी ओरड केली, तेव्हा २०१४ साली फिओरी परवान्यातच समाविष्ट करण्यात आली. ओरड ऐकली, याचे श्रेय कंपनीला दिले पाहिजे. परंतु ओरड करावी लागली, हेही विसरता कामा नये.

आणि या संचांत पुढे मांडलेली कामे कोणती होती? रजेला मंजुरी, खरेदीला मंजुरी, कामाच्या तासांना मंजुरी. विमानतळावर बसल्या बसल्या साहेबाने अंगठा टेकवावा आणि कागद पुढे सरकावा! साहेबाचे काम एका बटणाचे होते, म्हणून ते फोनवर सुरेख उतरले. उन्हात उभे राहून माल मोजणाऱ्याच्या वाट्याला मात्र बहुधा जुनीच चौकटींची गर्दी आली, तीही डोळे फोडणाऱ्या अक्षरांत.

येथे आपल्या जुन्या पेढ्यांकडे वळणे भाग आहे. त्यांच्याकडे दोन वह्या असत, कीर्द आणि खतावणी. व्यवहार घडला की तो कीर्दीत पडे: कोणाकडून किती आले, कोणाला किती गेले. ओळ-दोन ओळींचे काम. गर्दी ओसरल्यावर मुनीम त्याच ओळी निरनिराळ्या खात्यांवर नेऊन मांडी, ती खतावणी. गिऱ्हाईक समोर उभे असताना खतावणी उघडून बसणाऱ्या दुकानदाराला गावाने वेड्यात काढले असते. नोंदीची वेळ निराळी आणि मांडणीची वेळ निराळी, हा भेद आपल्या अल्पशिक्षित वाण्याला कळत होता.

मोबाइल ही जात्याच कीर्द आहे. तो उभ्या माणसाचा आहे, एका हाताचा आहे, घाईचा आहे. नोंद केव्हा झाली आणि कोठे झाली हे त्याला न सांगता कळते. खोक्यावरच्या काळ्या रेघा त्याच्या कॅमेऱ्याला वाचता येतात. म्हणून त्याने माणसाला विचारावे ते एवढेच, की नग किती? बाकीची खतावणी यंत्राने मागाहून आपली आपण करावी. जेथे संपर्क तुटलेला आहे तेथे नोंद फोनमध्येच जपून ठेवावी आणि संपर्क येताच पुढे धाडावी. दोघांनी एकाच मालाच्या दोन नोंदी केल्या तर कोणती धरावी, हा प्रश्न उरतो, आणि तो खरोखर बिकट आहे. पण बिकट प्रश्न सोडवण्याचेच पैसे ही मंडळी घेतात ना? त्याऐवजी त्यांनी खतावणीच खिशात कोंबली, आणि तिला ‘मोबाइल आवृत्ती’ म्हटले.

असे का व्हावे? या कंपन्यांत बुद्धिमान माणसे नाहीत, असे कोणीही म्हणणार नाही. कारण बुद्धीचे नसून सौद्याचे आहे. हे सॉफ्टवेअर जो विकत घेतो तो ते वापरीत नाही, आणि जो वापरतो त्याला खरेदीच्या बैठकीत खुर्ची नसते. विक्रेता ज्याला खूष करावयाचे त्यालाच खूष करतो. उलट उदाहरण आपल्या देशातलेच आहे. श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्यासाठी मनाजोगे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत यांनी ते लिहिले. १९८६ साली स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीतून पुढे टॅली उभी राहिली. वापरणारा घरातच होता, रोज जेवणाच्या पानावर तक्रार करू शकत होता. टॅली भारतीय दुकानात एवढी रुजली, त्याचे मर्म मला यात दिसते.

वापरणाऱ्याला न विचारण्याचे फळ महाराष्ट्राने २०२१ साली पाहिले. ते सॉफ्टवेअर व्यापाराचे नव्हते, सरकारी पोषणाच्या नोंदीचे होते. पण रोग तोच. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत नेऊन दिले. फोन कमी ताकदीचे, ते वारंवार बंद पडत. आणि अ‍ॅपमध्ये माहिती भरावयाची ती इंग्रजीत! बाळाचे वजन मराठीत करणाऱ्या बाईने ते इंग्रजीत का लिहावे, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. या सेविकांना मागासलेल्या म्हणणारे महाभाग तेव्हाही निघाले. वस्तुतः त्या दिवशी त्यांनी केलेली परीक्षा कोणत्याही तज्ज्ञ समितीहून अचूक होती.

कोणी म्हणेल, आपल्याकडच्या सामान्य माणसाला मोबाइलवरचा व्यवहार झेपतच नाही, त्याला कंपन्या काय करणार? हे साफ खोटे आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाले, आणि आज भाजीवालीच्या टोपलीपाशीही तो काळा-पांढरा चौकोन टांगलेला दिसतो. कोणाला आणि किती, एवढेच तेथे विचारले जाते. २०२२ साली साध्या, बटणांच्या फोनसाठीही त्याची सोय करण्यात आली. आणि व्हॉट्सअ‍ॅप? किती दुकानांतून मागणीची यादी आज हाताने लिहून तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर धाडला जातो, आणि संध्याकाळी कोणीतरी तीच यादी पुन्हा संगणकात भरीत बसतो! म्हणजे कीर्द कामगाराने स्वतःच शोधून काढली. महागड्या प्रणालीला शेजारी बसवून त्याने फुकटच्या निरोप्याकडून काम करून घेतले. यापरता पराभव तो कोणता?

दोन आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. कचेरीची गुपिते फोनवर आली आणि फोन हरवला तर? म्हणून दुरून सारा फोन पुसून टाकण्याची सोय करण्यात आली. प्रारंभी ही पुसणी अशी सरसकट होती, की कचेरीच्या पत्रांबरोबर मुलाबाळांचे फोटोही जात. पुढे कामाचा कप्पा वेगळा करण्याची पद्धत आली, ती चांगली आहे. परंतु तत्त्वाचा प्रश्न शिल्लक आहे. फोन माझ्या पैशाचा, वीज माझ्या घरची, आणि किल्ली कचेरीची, हा कोठला न्याय? गुपिते मालकाची असतील तर फोनही मालकाने द्यावा.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. आता माणूस कोठूनही काम करू शकतो, असे सांगतात. कोठूनही करू शकतो, हे खरेच. पण त्याचा अर्थ कोठेही त्याची सुटका नाही, असाही होतो. रात्री अकराला आलेली ती लाल टिकली स्वातंत्र्याची नव्हे. फ्रान्सने हे ओळखले आणि कामाचे तास संपल्यावर संपर्क तोडण्याच्या हक्काला २०१७ च्या जानेवारीपासून कायद्यात जागा दिली. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली अशाच आशयाचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही. पण कायद्याची वाट कशाला पाहावयाची? पाळी संपली की निरोप अडवून ठेवणे हे सॉफ्टवेअरला मुळीच अवघड नाही. ती कळ बसवावी, असे विकत घेणाऱ्याला वाटत नाही, एवढेच.

तेव्हा माझे मागणे कंपन्यांकडे नाहीच. त्या जेथून पैसा येतो तिकडेच पाहणार. माझे मागणे खरेदी करणाऱ्यांकडे आहे. सौदा करण्यापूर्वी ते यंत्र आठ दिवस कोठारवाल्याच्या, फिरत्या विक्रेत्याच्या, वसुली करणाऱ्या पोऱ्याच्या हातात द्या. ते उन्हात, एका हाताने, संपर्क नसताना आणि मराठीत चालते काय, हे त्यांनाच विचारा, आणि ते नको म्हणाले तर सौदा मोडा. लक्ष्मीपूजनाला ज्या पेढ्यांवर आजही वहीला हळदकुंकू वाहिले जाते, त्यांना हे सांगण्याचा मला विशेष अधिकार वाटतो. वही पूज्य मानावयाची आणि ती लिहिणाऱ्या हाताला मात्र विचारावयाचे नाही, ही पूजा नव्हे.