वीज कुठपर्यंत आली?

नेसरी भागात उसाला पाणी पाजणारा माणूस ‘मोटर जळाली’ हे वाक्य सहजासहजी तोंडातून काढत नाही. घटप्रभेच्या काठावरची मोटर उठेना झाली की तो आधी डीपीकडं बघतो. तिन्ही फेज आहेत का, डीओ पडलाय का, किटकॅटमधली तार शाबूत आहे का. मग स्टार्टर बघतो. मग केबल कुठं उंदरानं कुरतडलीय का ते बघत बांधाबांधानं चालत जातो. हे सगळं उरकल्यावर, अगदीच इलाज नसला तर मोटर खोलायची. कारण मोटर वर काढायची म्हणजे चार गडी हवेत, दिवस मोडतो आणि वाइंडिंगवाला काय आकडा सांगेल याचा नेम नाही.

तोच माणूस घरी येतो. पोराचा कॉम्प्युटर चालू होईना म्हटल्यावर एकदा बटण दाबतो, दोनदा दाबतो आणि निकाल देऊन मोकळा होतो, “मदरबोर्ड गेला असणार.”

डीपीपासून मोटरीपर्यंत विजेचा माग काढणारी ही माणसं टेबलाखालच्या डब्यापुढं एवढी हतबल का होतात, हे मला कधी उमगलेलं नाही. डबा म्हणजे तरी काय, एका टोकाला भिंतीतली वीज आणि दुसऱ्या टोकाला पंखा. मध्ये ती कुठं अडली एवढंच शोधायचं असतं. सॉफ्टवेअर, व्हायरस, विंडोज ही सगळी मंडळी पंखा फिरल्यानंतर येतात. बंद डब्याला व्हायरस लागला म्हणून फॉरमॅट मारून आणायला निघालेले लोक मी पाहिलेत.

2001 नंतर एमएस-सीआयटीची लाट आली आणि आपल्याकडं घराघरात कॉम्प्युटर शिरला. पोरगी कोर्स करतेय म्हणून घेतलेला, पुढं धाकट्यानं गेमसाठी वापरलेला, मध्ये कधीतरी आतला माल बदललेला असा एखादा डबा अजून पुष्कळ घरांत आहे. दूध संस्थेचा हिशेब, लग्नाचे फोटो, भजनाची रेकॉर्डिंगं त्यातच असतात. म्हणून तो बंद पडला की घरातल्यांचा पहिला प्रश्न ‘खर्च किती’ हा नसतो, ‘आतलं सगळं गेलं का’ हा असतो. त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. बहुतेक वेळा काही गेलेलं नसतं. हार्ड डिस्क हा वेगळा भाग आहे. डब्याला वीज मिळेना म्हणून तिच्यावरचं पुसलं जात नाही. ती काढून दुसऱ्या मशीनला लावली की फोटो दिसतात. विजेच्या झटक्यानं डिस्कही जाते, नाही असं नाही, पण ते क्वचित. दुरुस्तीला देताना मात्र ‘डिस्कला हात लावू नका’ असं बजावून सांगावं.

आता तक्रार. ‘चालू होईना’ या एका वाक्यात तीन निरनिराळे आजार दडलेले असतात. पहिला, बटण दाबलं तरी काहीच नाही. पंखा नाही, दिवा नाही. दुसरा, पंखा एक गिरकी घेतो आणि थांबतो. तिसरा, पंखे झकास फिरतात पण पडदा काळा. तिसऱ्यात वीज आलेली असते, तिथं मॉनिटरची वायर आणि रॅम बघायची. रॅमच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवून ती परत घट्ट बसवली की पुष्कळदा काम होतं. आपल्या पावसाळी हवेत त्या पट्टीवर थर धरतो. दुसऱ्यात आत कुठंतरी शॉर्ट असतो, किंवा प्रोसेसरवरचा पंखा सैल झालेला असतो, किंवा भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना पुरवणारा एसएमपीएस म्हातारा झालेला असतो. तिथं जाणत्याला बोलवावं. मला बोलायचंय ते पहिल्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त घबराट तिथंच होते.

सुरुवात भिंतीपासून. कॉम्प्युटर ज्या पिनेत आहे तिथं मोबाइलचा चार्जर लावून बघतात आणि ‘लाइट आहे की’ म्हणतात. ही परीक्षा कच्ची आहे. चार्जर 100 व्होल्टपासून 240 व्होल्टपर्यंत कशावरही चालतो. संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं असतं तेव्हाही तो गुमान चार्ज करत बसतो, आणि जुना एसएमपीएस मात्र तेवढ्यावर उठत नाही. तिथं जुना पिवळा बल्ब लावा. तो मिणमिणला तर दुखणं डब्यात नाही, तारेत आहे.

मग यूपीएस. घरगुती यूपीएसमध्ये 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत दम तोडते. बॅटरी मेली की काही यूपीएस लाइट असतानाही पुढं वीज सोडत नाहीत. म्हणून यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाजूला काढून डब्याची वायर थेट भिंतीत लावून बघायची. वायरही बदलून बघायची. मॉनिटरची आणि डब्याची बहुधा सारखीच असते. डब्याच्या मागं, वायर घुसते तिथं, एक लहान काळा स्विच असतो. केर काढताना तो दाबला गेला आणि कॉम्प्युटर मेला, हेही पुष्कळ घरांत घडतं. जुन्या एसएमपीएसवर तिथंच 115 आणि 230 असं लिहिलेला लाल स्विचही असतो. त्याच्याशी खेळू नये. आपल्या 230 व्होल्टवर तो 115 ला सरकवला तर धूर ठरलेला.

डब्याला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंग बघून घ्या. एसएमपीएसमधला फिल्टर थोडीशी वीज पत्र्याकडं सोडत असतो. ती तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायला हवी. जुन्या घरांत ते तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. आणि वळवाच्या दिवसांत ढग गडगडायला लागले की बटण बंद करून भागत नाही, पिनच उपटावी. इंटरनेटची तांब्याची वायर येत असेल तर तीसुद्धा.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर मग डब्याकडं वळायचं. पूर्वीच्या कॉम्प्युटरला खट्ट वाजणारं खरं बटण असायचं, थेट 230 व्होल्ट तोडणारं. 1995 साली इंटेलनं एटीएक्स नावाची रचना आणली आणि तो प्रकार मागं पडला. आता बटण फक्त मदरबोर्डला इशारा करतं, मदरबोर्ड एसएमपीएसला सांगतो आणि मग मोठी वीज सुटते. हे सांगणं-ऐकणं चालावं म्हणून कॉम्प्युटर बंद असतानाही 5 व्होल्टची एक बारीक धार चालूच असते. जांभळ्या वायरीतून ती येते. म्हणून एक सोपा उपाय आधी करून बघावा. पिन काढायची, पुढचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते, आणि मग पिन परत लावायची. झटक्यानंतर अडून बसलेली मशीनं एवढ्यानं उठतात. दुकानात नेईपर्यंत वाटेत ‘आपोआप बरी’ झालेली मशीनं बहुधा यातलीच.

या पावसात आमच्या गल्लीतल्या मास्तरांचा डबा असाच गप्प झाला. निवृत्त गृहस्थ, भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं सांभाळणारे. “चालूच होईना झालंय बघा. तालुक्याला फोन लावला तर मदरबोर्ड गेला म्हणतोय.” फोनवरूनच! यूपीएस काढला, वायर बदलली, बटण दाबून धरलं, काही फरक नाही. म्हणून पिन काढून बाजूचा पत्रा उघडला. धुळीचा ओलसर, फेल्टसारखा थर. ब्रशनं आणि ब्लोअरनं झाडला, पंख्याची पाती बोटानं धरून, नाहीतर ब्लोअरच्या हवेनं पंखा भरमसाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. कपॅसिटरांची डोकी सपाट होती. 2000 नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर ती फुगून फुटायची. तैवानमधल्या काही कारखान्यांच्या कपॅसिटरांत आतला द्रवच सदोष होता आणि जगभरचे बोर्ड त्यापायी गेले. मास्तरांचा बोर्ड नंतरचा निघाला.

पिन परत लावली तर बोर्डाच्या कोपऱ्यात एक हिरवा दिवा लागला, बारका, मोहरीएवढा. म्हणजे बोर्डापर्यंत ती 5 व्होल्टची धार येत होती. एसएमपीएस अगदीच मेलेला नव्हता आणि बोर्डाला निदान जाग होती. मग संशय उरला बटणावर.

मदरबोर्डाच्या खालच्या कडेला बारीक पिनांची जुडी असते. पुढच्या बटणांच्या आणि दिव्यांच्या वायरी तिथं येऊन बसतात आणि शेजारी मुंगीच्या अक्षरात कुठली कुठं ते छापलेलं असतं. पॉवर स्विचची वायर उपसली आणि त्या दोन उघड्या पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. तिथं फार तर 5 व्होल्ट असतात, भ्यायचं कारण नाही. फक्त टोक दुसरीकडं घसरू द्यायचं नाही. पंखा फिरला. मास्तरांनी चष्मा पुसला आणि पडद्याकडं बघत बसले.

एसएमपीएसचा स्वतःचा डबा मात्र घरी कुणी उघडू नये. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरात 300 व्होल्टच्या वर वीज काही काळ दबा धरून असते. नेसरीच्या खिंडीत 24 फेब्रुवारी 1674 ला प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी शत्रूवर तुटून पडले, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण तो आवेश इथं नको. एसएमपीएसचा संशय असेल तर चालू असलेला दुसरा लावून बघायचा. मेकॅनिक हिरवी आणि काळी वायर जोडून तो उठतो का बघतात. पण नुसता पंखा फिरला म्हणून एसएमपीएस चांगला ठरत नाही, बोजा पडल्यावर झोपणारे पुष्कळ असतात.

तर मास्तरांच्या बटणात ओल शिरून आतला संपर्क गंजला होता. नवं बटण जवळ नव्हतं. पण डब्याला पुढं दोन बटणं असतात, आणि रीसेटचं बटण कुणी वापरत नाही म्हणून ते धडधाकट होतं. दोघांचं कामही एकच, दोन वायरी क्षणभर जोडणं. म्हणून रीसेटची वायर उपसून पॉवरच्या पिनांवर बसवली.

“आणि आता हँग झालं तर?”

“तेच बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, बंद होतंय.”

बटण गडहिंग्लजला मिळेल, नाहीतर बेळगावात नक्की मिळेल. मास्तर म्हणतात, “पाऊस उघडू दे, मग बघू. चाललंय की.”