निखाऱ्यावर भाजलेले कोंबडीचे पंख

लातूर-नांदेडला पिकते ते सोयाबीन चीन-जपानात आंबवून सोया सॉस करतात व कोंबडीला लावतात. एक किलो पंखांना चार चमचे सॉस, वाटलेले आले-लसूण व तिखट चोळून तासभर झाकून ठेवावे. सॉस खारट असतो, मीठ घालू नये. जाड पातेल्यात पंख मांडून खाली मंद विस्तव, झाकणावर निखारे ठेवावेत. पाऊण तासाने थोडा गूळ लावावा. आधी लावल्यास जळतो. सांध्याजवळ मांस गुलाबी दिसल्यास आणखी भाजावे.

ही काळजी कशासाठी? जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला बर्ड फ्लूने कावळे मेले. मांसात आतपर्यंत ७० अंश सेल्सियस उष्णता पोचली की तो विषाणू मरतो. तरीही आजारी वा मेलेली कोंबडी चुलीवर चढवू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.