अडविलेल्या गोलांचा हिशेब

झाशीच्या टेकडीवर मेजर ध्यानचंदांचा पुतळा आहे, तो असावाच. परंतु ‘गोल न करणारा खेळाडू संघात हवा कशास?’ हा जो सवाल या गावी बदलून आल्यापासून आम्ही ऐकतो, तो आम्हांस साफ अमान्य आहे. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिक हॉकीत भारताने २९ गोल केले. पैकी १४ ध्यानचंदांचे. हे सर्वांस पाठ! आपल्यावर किती झाले? पाच सामन्यांत एकही नाही. गोलरक्षक रिचर्ड ॲलनचे नाव मात्र कितीजणांस सांगता येईल? आणि हाफबॅकने चेंडू हिसकावून पुढे धाडलाच नाही, तर जादूगाराने काठी फिरवावी ती कशावर? अडविलेल्या गोलास तक्त्यात रकाना नसतो (रकान्यांचे आम्हां कारकुनांस कळते), म्हणून काय तो शून्य धरावयाचा?