माळ्यावरची पेटी

विहाराच्या माळ्यावर व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर सापडला. कंपनीची पट्टी गळून गेलेली. भंगारवाला वजनावर मागत होता. पण जयंतीला वामनदादांची गाणी याच पेटीवरून वस्तीभर ऐकली, असे ज्येष्ठांनी सांगितले आणि आम्ही हात आखडला.

ओळख व्हॉल्व्हवरून पटते. काच हलक्या हाताने पुसावी, नाहीतर अक्षरेही जातात. दोन मोठ्यांवर ईएल ३४, लहानावर ईसीसी ८३. म्हणजे पेटी साधारण ३० वॅटची.

बंधुभगिनींनो, अशी पेटी हौसेने थेट लाईटला लावू नका! पडून पडून फिल्टरचे कंडेन्सर निकामी होतात. ते शॉर्ट असले तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तसा दुसरा मिळणे कठीण. आमच्या मिस्त्रींनी व्हॉल्व्ह काढून, १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून वीज दिली. बल्ब जेमतेम लाल झाला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर शाबूत. मग कंडेन्सर बदलले. आत ४०० व्होल्टच्या आसपास वीज असते, बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये उरते. मुलांना लांब ठेवा. कर्णा जोडल्याखेरीज पेटी चालवू नये.

व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळे गप्प. थोडी खरखर झाली. मग एका आजींनी माईक घेऊन त्रिसरण म्हटले.