‘सॉलिड’ शब्दाची पत

पावतीवर वा धनादेशावर रक्कम लिहून झाली, की पेढीवरचा हात सवयीने पुढे एक तिरपी आणि एक आडवी रेघ ओढतो : ५०००/-. पुढे कोणी आकडा वाढवू नये, एवढाच तिचा उपयोग सर्वांना ठाऊक असतो. ही रीत इंग्रजी जमाखर्चातली. पाच शिलिंग पुरते आणि पेन्स शून्य, हे तेथे ५/- असे लिहीत. शिलिंगाची खूण असलेले ‘एस’ हे अक्षरही मुळात शिलिंगाचे नव्हे; ते ‘सॉलिडस’ या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर. तिरप्या रेघेलाही इंग्रजीत सॉलिडस म्हणतात. १९७१ साली ब्रिटनने दशमान चलन स्वीकारले आणि शिलिंग इतिहासजमा झाला. रेघ मात्र भारतीय पावत्यांवर टिकून आहे.

‘सॉलिडस’ हे मूळचे विशेषण. अर्थ : अखंड, भरीव, आतून पोकळ नसलेले. संस्कृतातील ‘सर्व’ हा शब्द त्याच्याच कुळातला; ‘संपूर्ण’ ही दोघांमागची मूळ कल्पना. इंग्रजीत ते ‘सॉलिड’, फ्रेंचमध्ये ‘सोलिद’, इटालियन व स्पॅनिशमध्ये ‘सोलिदो’ झाले. जर्मन माणूस ‘झोलीडे’ म्हणतो तेव्हा तो विश्वासार्ह पेढीविषयी किंवा सरळमार्गी गृहस्थाविषयीही बोलत असतो. वस्तूचा गुण माणसाचा गुण कसा झाला, याचा एक धागा एका नाण्यापाशी जातो.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात रोमच्या सम्राटांनी सैन्याचा खर्च भागविण्यासाठी चांदीच्या नाण्यात अधिकाधिक तांबे मिसळले. मिसळ वाढत गेली आणि अखेर नाण्यावर चांदीचा केवळ मुलामा उरला. भाव भडकले, चलनावरचा विश्वास उडाला. चौथ्या शतकाच्या प्रारंभी सम्राट कॉन्स्टंटाइन याने एका रोमन पौंड सोन्यात ७२ नाणी, म्हणजे नाण्यामागे सुमारे साडेचार ग्रॅम, हे प्रमाण ठरविले. या सुवर्णनाण्याचे नाव ‘सॉलिडस’, भरीव. नाव देणे सोपे होते. ते खरे ठेवणे कठीण. कडा कातरून सोने काढणारे तेव्हाही होतेच. म्हणून ३६३ मध्ये सम्राट ज्युलियनने नगरोनगरी नाणी तोलून देणारा अधिकारी नेमण्याचा कायदा केला. वजनाचा वाद त्याच्या तराजूवर मिटे.

सहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस आपल्या ग्रंथात एक कथा सांगतो. श्रीलंकेच्या राजापुढे एक रोमन आणि एक इराणी व्यापारी आले. कोणाचा राजा थोर, असा प्रश्न निघाला. इराण्याने आपल्या राजाचे गुणगान केले. रोमन व्यापारी म्हणाला, दोन्ही राजे येथेच आहेत, पाहून घ्यावे. आणि त्याने दोघांची नाणी पुढे ठेवविली. एक तेजस्वी सोन्याचे, दुसरे चांदीचे. निवाडा झाला.

ही पत सुमारे सात शतके टिकली. अकराव्या शतकात सम्राट चौथा मायकेल याच्या काळापासून नाण्यात हीण शिरू लागले. आधी थोडे, कोणाच्या लक्षात न येणारे. पुढे राजामागून राजाने ते वाढविले, आणि त्याच शतकाच्या अखेरीस नाण्यात सोने नाममात्र उरले. १०९२ मध्ये सम्राट अलेक्सिओसला नवे नाणे, नव्या नावाने काढावे लागले. सात शतकांची कमाई दोन पिढ्यांत सरली.

नाणे बुडाले, शब्द तगला. इटालियनमध्ये पैशाला आजही ‘सोल्दी’ म्हणतात, स्पॅनिशमध्ये पगाराला ‘स्वेल्दो’. पगार घेऊन लढणारा तो इंग्रजीतला ‘सोल्जर’. मुंबईकर तरुण आवडलेल्या चित्रपटाला ‘सॉलिड’ म्हणतो, तेव्हा तोही नकळत हेच जुने नाणे चालवीत असतो.

व्यापाऱ्याला सर्वांत जवळचा वंशज मात्र कायद्यात आहे. अनेकांनी मिळून घेतलेल्या कर्जाला प्रत्येक जण संपूर्ण रकमेपुरता बांधील असेल, तर रोमन कायदा त्यास ‘इन सॉलिडम’ म्हणे. धनको कोणाही एकाकडून सर्व रक्कम मागू शके. माझा हिस्सा एवढाच, असे उत्तर चालत नसे. याच संज्ञेतून फ्रेंचमध्ये ‘सॉलिदारिते’ हा शब्द निघाला, आणि एकजुटीचा जो अर्थ जगभर गाजतो तो त्यातून आला. भारताच्या १९३२ च्या भागीदारी कायद्याचे २५ वे कलमही हेच सांगते : पेढीच्या व्यवहारास प्रत्येक भागीदार इतरांसह आणि एकटाही जबाबदार असतो. एका भावाने दिलेला शब्द दुसऱ्या भावाला पुरता फेडावा लागतो, तो वाट्यापुरता नव्हे.

मराठीनेही आपली शब्दसंपदा सराफाच्या दुकानातूनच उचलली आहे. खरा, खोटा, कस, कसोटी, बावनकशी; आणि ज्याच्या कसात हीण आहे तो हिणकस. नाणे आणि माणूस यांना भाषेने एकाच दगडावर घासून पाहिले आहे. रकमेपुढची ती रेघ पुढचा आकडा अडविते. आतले हीण अडविण्याचे काम मात्र रेघ ओढणाऱ्या हाताचेच आहे.