रोजमेळात न आलेली जमा

व्यापाऱ्याच्या घरी नोंदीला मान असतो. दिवाळीला नव्या चोपड्यांचे पूजन होते, पहिल्या पानावर गौतमस्वामींचे स्मरण लिहिले जाते आणि त्यानंतर वर्षभर रोजमेळात आलेला पैसा जमेला व गेलेला पैसा नावे पडत राहतो. संगणक आले, चोपड्यांची पाने पडद्यावर गेली, तरी रात्री रोकड मोजून शिल्लक जुळविल्याशिवाय दुकानाला कुलूप लागत नाही. ज्या घरात नोंद एवढी चोख, त्याच घराच्या माजघरात दिवसभर होणारी एक जमा मात्र कोणी लिहीत नाही. ती म्हणजे लहान मुले वाढविणाऱ्या आईचा आनंद. तिच्या श्रमांविषयी अलीकडे बोलले जाऊ लागले आहे, हे योग्यच झाले. परंतु तिच्या आनंदाची चौकशी अजून कोणी करीत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान असलेले एक घर उदाहरणादाखल पाहावे. घरात सासू-सासरे, दोघे भाऊ, थोरल्याची पत्नी आणि तिची दोन मुले. मुलगी अडीच वर्षांची, मुलगा पाच महिन्यांचा. आई वाणिज्य शाखेची पदवीधर. लग्नानंतर दुकानाची जीएसटीची विवरणपत्रे तीच भरीत असे. आता तिचा दिवस पहाटे पाचला बाळाच्या हुंकाराने सुरू होतो आणि रात्री कधी संपतो हे तिलाही सांगता येत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला या दिवसात कामांची एक लांबलचक यादी दिसते. दूध, मालिश, आंघोळ, दुपटी, मुलीचा वरणभात, सांडलेला वरणभात, पुन्हा दूध. यादी खरी आहे. मात्र त्या यादीच्या फटींतून जे घडत असते, त्यावरच ती आई उभी आहे.

सकाळी सासूबाई सामायिकाला बसतात. सामायिक दोन घटकांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे. तेवढ्या वेळात त्यांना संसारातील काही विचारायचे नाही आणि बाळही त्यांच्याकडे द्यायचे नाही. त्यांच्यासमोर वाळूची घडी ठेवलेली असते. नातही शेजारी आपले छोटे आसन अंथरते, हात जोडते, नवकाराची पहिली दोन पदे नीट म्हणते आणि तिसऱ्यावरून एकदम पाचव्यावर जाते. दीड मिनिटात तिचे सामायिक आटोपते. मग ती पालथी पडून, हनुवटीखाली दोन्ही तळवे घेऊन, घडीतून वाळू पडताना पाहत राहते. भाऊ रडू लागला, तर तोंडावर बोट ठेवून त्याला दटावते. शेवटचा कण पडला की धावत स्वयंपाकघरात येऊन वर्दी देते, “दादीजी झाल्या!” पहिल्या दिवसांत आई या आरोळीची वाट पाही ती मदतीला दोन हात मोकळे होतील म्हणून. पुढे पुढे ती केवळ आरोळीसाठीच वाट पाहू लागली.

बाळाचे प्रत्येक पाऊल तर नवेच. साधारण दीड महिन्याचे मूल माणसाच्या चेहऱ्याकडे पाहून हसू लागते. त्यापूर्वीचे हसू झोपेतले, हे कोणत्याही बालरोगतज्ज्ञाकडून ऐकायला मिळते. पण ते पहिले उमजून आलेले हसू कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीच्या उजेडात उमटले, हे त्या एका आईलाच ठाऊक असते. पाच महिन्यांचा हा मुलगा आता उताणा ठेवला की पालथा होतो, आपल्याच पराक्रमाने चकित होतो आणि हात अंगाखाली अडकला म्हणून लगेच रडतो. घरात बांगड्या घालणाऱ्या स्त्रिया अनेक येतात-जातात. आईच्या बांगड्या वाजल्या की त्याची मान त्या दिशेला वळते. मुलीची भाषा अर्धी आजीची मारवाडी आणि अर्धी कामाला येणाऱ्या मावशींची मराठी. सकाळी उठताच तिचा पहिला प्रश्न असतो, “भाऊ कठे?” भाऊ जन्मला त्या आठवड्यात मात्र तिने त्याला दवाखान्यात परत देऊन यावे असे सर्वांना बजावले होते. त्या हुकमापासून या प्रश्नापर्यंतचा प्रवास आईने दिवसामागून दिवस पाहिला आहे. तिने मुलीला उपदेश केला नाही. दुपट्यांच्या घड्या मांडून ठेवण्याचे काम तिच्याकडे सोपविले. अधिकार मिळाला तशी मत्सराची धार बोथट झाली.

एका दुपारी आई कणीक तिंबत होती. आतल्या खोलीतून आधी मुलीचे आणि मग आणखी एक अनोळखी हसणे ऐकू आले. हात तसेच भरलेले घेऊन ती दारात आली. मुलगी दुपटे डोक्यावर घेऊन खाली टाकीत होती, आणि प्रत्येक वेळी दुपटे पडले की बाळ खळखळून हसत होते. एवढा मोठा आवाज काढून ते यापूर्वी कधी हसले नव्हते. दुपटे दहादा पडले, दहादा हसणे झाले. त्या खेळात आईची कोणालाच गरज नव्हती, आणि तिला सर्वांत मोठा आनंद त्याचाच झाला. आपण नसलो तरी या दोघांना एकमेकांची सोबत आहे, हे तिने त्या क्षणी पाहिले.

रात्री साडेनऊला पती दुकानातून आले. तिने दुपारची हकीकत सांगितली. ते सुरतेच्या पेढीला गेलेली रक्कम मोबाइलवर जुळवीत होते. “हं,” एवढेच म्हणाले. त्यात उपेक्षेचा हेतू नव्हता. दुसऱ्या दिवशीची देणी डोक्यात होती. तथापि, अशा ‘हं’ची संख्या वाढली की सांगणारी व्यक्ती सांगणे थांबविते. या आईनेही हळूहळू थांबविले. जी जमा कोणी वाचणार नाही ती लिहावी कशाला, असे मनाला वाटू लागले की आनंदाची चवही उतरू लागते. उरते ती केवळ कामांची यादी. घराचे नुकसान होते ते येथे.

या संदर्भात कल्पसूत्रातील एक प्रसंग लक्षात घेण्यासारखा आहे. पर्युषणात मंदिरमार्गी संघांमध्ये त्याचे वाचन दरवर्षी होते. माता त्रिशलेच्या उदरी असताना, आपल्या हालचालीने मातेला त्रास होऊ नये म्हणून भगवंत गर्भात निश्चल झाले. हालचाल थांबताच मातेला वाटले, गर्भाला काही अपाय झाला. ती शोकाकुल झाली, सारा राजवाडा म्लान झाला. भगवंतांनी ते ज्ञानाने जाणले आणि किंचित हालचाल केली. त्या एवढ्याशा स्पंदनाने माता हर्षित झाली. आई-वडील हयात असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही, हा संकल्प भगवंतांनी त्याच वेळी केला आणि तो पाळलाही. माता-पित्याच्या स्वर्गवासानंतर मोठे बंधू नंदीवर्धन यांच्या आग्रहास्तव ते आणखी दोन वर्षे घरी राहिले आणि मग वयाच्या तिसाव्या वर्षी दीक्षित झाले.

‘वर्धमान’ हे नाव कसे पडले, हे व्यापारी घरांत सर्वांना ठाऊक असते. बालक गर्भात आल्यापासून सिद्धार्थ राजाच्या घरी धन, धान्य, कोष यांची वाढ होत गेली. वृद्धीची ती गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली जाते. त्याच कथेत एका आईच्या क्षणभराच्या हर्षाचीही नोंद आहे, ती मात्र घाईने ओलांडली जाते. शास्त्रकारांना एक स्पंदन आणि एका आईचा आनंद जतन करून ठेवण्याजोगा वाटला. अपत्यप्रेम हा अखेर मोहच, असे कोणी म्हणेल. मोक्षमार्गाच्या दृष्टीने ते खरेही असेल. परंतु ज्यांनी पुढे सर्व मोह जिंकला, त्यांनीही मातेच्या त्या भावनेचा मान राखूनच गृहत्याग केला, हे विसरता येत नाही.

स्थानांगसूत्रात ज्यांचे ऋण फिटणे कठीण अशा तिघांचा उल्लेख येतो. माता-पिता, पोशिंदा स्वामी आणि धर्माचार्य. माता-पित्यांच्या ऋणासंबंधी तेथे म्हटले आहे की, मुलाने त्यांना शतपाक, सहस्रपाक तेलांनी मर्दन केले, सुगंधी व शीतोष्ण जलाने स्नान घातले, नानाविध पक्वान्नांचे भोजन दिले आणि जन्मभर पाठीवर वाहिले, तरी ऋण फिटत नाही. त्यांना धर्मात स्थिर केले तरच फिटू शकते. हिशेबाची सवय असलेल्या वाचकाने ही यादी एकदा सावकाश वाचावी. तेल लावणे, न्हाऊ घालणे, भरविणे, अंगावर वागविणे. सेवेची पराकाष्ठा म्हणून शास्त्राने जे मोजले, ते घरातील सून रोज सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान, बदल्यात काहीही न मागता करीत असते.

तिच्या कामात सल्लेही पुष्कळ मिळतात. सहा महिने पुरे होईपर्यंत बाळाला केवळ आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको, असे डॉक्टर सांगतात. उकळलेले पाणी पिणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांना मात्र चमचाभर पाण्याने काय होणार, हे कळत नाही. बाळाला मध चाटवू नये, किमान वर्षभर तरी नाहीच, हा वैद्यकीय सल्ला इतर घरांत वादाचा होतो. जैन घरांत तो सहज मानला जातो, कारण मध तेथे मुळातच वर्ज्य. असे मतभेद घरोघरी असतात आणि बोलण्याने मिटतात. एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष होऊ नये. बाळंतपणानंतर आई दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, बाळाकडे पाहूनही तिला काही वाटेनासे झाले असेल, विनाकारण रडू येत असेल, तर तो स्वभावदोष किंवा लाडावलेपणा नव्हे. तो उपचाराने बरा होणारा आजार आहे. डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

नोकरी करणाऱ्या स्त्रीला २०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांच्या वेळी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूतिरजा मिळते. घरच्या पेढीत राबणाऱ्या सुनेला असा कायदा लागू होत नाही. तिची रजा मंजूर करणारे कार्यालय म्हणजे तिचे घर. म्हणून घराने आपला नियम आपणच करायला हवा.

वर उल्लेखिलेल्या घरात तो नियम एका साध्या गोष्टीतून झाला. घरी चौविहार पाळला जातो. सूर्यास्तापूर्वीचे जेवण दोघा भावांसाठी डब्यातून दुकानात जाई. संवत्सरीच्या दिवशी दुकान बंद होते. उपवासाच्या दुपारी सासरे ओसरीत बसले असता त्यांनी नातवंडांचा तो दुपट्याचा खेळ प्रथमच पाहिला. सुनेला त्यांनी विचारले, “हे रोज चालते?” ती म्हणाली, “रोज, बाबूजी.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आपली दोन मुले या वयात कशी हसत असत, हे त्यांना आठवून पाहूनही आठवेना. त्या काळी तेही दुकानातच होते.

चार दिवसांनी त्यांनी डबा बंद केला. पाच ते सहा या वेळात गिऱ्हाईक बेताचेच असते, खरी विक्री दिवेलागणीनंतर, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव. तेव्हा थोरल्याने रोज घरी येऊन जेवावे आणि मग थोडा वेळ मुलांपाशी बसावे. तोवर गल्ल्यावर ते स्वतः बसतील, असे ठरले. धाकट्याने जेवायला यावे ते सोयीने, आधी. पहिल्या आठवड्यात पतींना काय करावे ते सुचत नसे. बाळाला मांडीवर घेऊन ते मोबाइलच पाहत. आई त्या वेळात राहिलेली कामे उरकीत असे. पुढे कामे तशीच टाकून ती दोन पावले दूर, उंबऱ्यावर बसू लागली. दिवसभरात काय काय झाले हे तिला आता सांगावे लागत नाही. बाळ पालथे कसे होते, मुलगी घड्या कशा मांडते, हे ते समोरच घडते, आणि पाहणारे दोघे असतात.

सासूबाईंनी आपली जुनी वाळूची घडी नातीला देऊन टाकली आहे. वडील जेवून हात धुतात न धुतात तोच ती घडी आणून त्यांच्यापुढे उलटी करून ठेवते. वाळू संपेपर्यंत दुकानाचा फोन घ्यायचा नाही, असा तिचा दंडक आहे. घरात तो अद्याप कोणी मोडलेला नाही.